"दादा, केलीत का?"

"दादा, माझ्या बाबांसाठी प्रार्थना केलीत का?"

चर्चमधल्या तरुणसंघाची सभा संपली होती. एक मुलगा खुर्च्या एकात एक रचत होता. वर न बघताच विचारलं त्याने. आवाजात तक्रारही नव्हती.

मी "हो रे" म्हणून मोकळा झालो. खोटं बोललो. गेल्या रविवारी दारातच त्याच्या खांद्यावर हात ठेवून "प्रार्थनेत आठवण ठेवतो" म्हणालो होतो, आणि पुढच्या माणसाशी हात मिळवेपर्यंत विसरलोही होतो. आमच्या कामात हे वाक्य 'बरंय, भेटू' सारखं तोंडून सुटतं.

घरी येऊन बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढला. एरवी मी तो चाळून सोडतो. रोममधल्या ज्यांना सलाम सांगितलाय त्यांची नुसती नावं, २० हून जास्त! पत्र लिहिणारा प्रेषित पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता, तरी कोणी किती श्रम घेतले हे त्याला ठाऊक. त्यांतल्या रूफच्या आईला तर तो आपलीही आईच मानतो.

मला त्या मुलाच्या बाबांचं नावसुद्धा माहीत नाही.

आत्ताच त्याला मेसेज केला, "खोटं बोललो, माफ कर. बाबांचं नाव काय?" दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.

तुम्ही शेवटचं कोणाला म्हणालात, "प्रार्थना करतो"?