काळ्या घोड्यापाशी

परवा भर दुपारी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर पडलो. जरा पुढे एक मुलगा फोनवर सांगत होता, "अगं, घोड्यापाशीच उभा आहे. दिसत नाही का?" आणि तो खरंच घोड्यापाशी उभा होता! मला उगाचच त्याचा हेवा वाटला.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मे महिना. डबेवाला गावी गेलेला, म्हणून बाबांचा डबा माझ्या गळ्यात. आईने बजावलं, "काळ्या घोड्याला उतर आणि तिथनं हलू नकोस." कंडक्टरही ओरडला, "काळा घोडा, चला!" उतरलो, तर घोडा नाही. नुसत्या गाड्या, फियाट नि अँबेसेडर, उन्हात तापत उभ्या. पिशवीतून आमटी पायावर ठिबकतेय आणि मी चौकभर घोडा शोधतोय. शेवटी एका टॅक्सीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "यहीच तो है." बाबा आले तोवर रडू फुटलं होतं. "अरे, तो कधीच गेला," ते म्हणाले. हे सकाळी सांगायला काय झालं होतं?

गेला तो १९६५ साली, भायखळ्याला, राणीच्या बागेत. खरं तर पुतळा घोड्याचा नव्हताच, सातव्या एडवर्डचा होता. युवराज असताना तो १८७५ मध्ये मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससूननी तो बोएम नावाच्या शिल्पकाराकडून करवून घेतला. एवढा खर्च करून राजाला वर बसवला, आणि लोकांनी नाव ठेवलं घोड्याचं. पुतळा हलला तरी नाव हललं नाही. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच पुतळ्याजवळ बसून काकडी खाल्ली होती, पण हाच तो घोडा हे माझ्या डोक्यात शिरायला चाळिशी उलटावी लागली.

२०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला. पाठ रिकामी. राजाला वगळलं ते उत्तमच, पण मला हा घोडा अजून पाहुण्यासारखाच वाटतो. पन्नास वर्षं घोड्यावाचून छान चाललं होतं की!

बायकोचं माहेर भायखळ्याचं. तिला फोन लावला. "काळ्या घोड्यापाशी आहे. येतेस? चहा घेऊ."

"या उन्हात राणीच्या बागेत काय करतोयस?"