घरगुती फोटोग्राफीचा धंदा: बोरन्हाण झालं, आता धोंड्याचा महिना

मंडळी, बरेच दिवस माझ्या फोटोग्राफीच्या या लॉगमध्ये अपडेट द्यायचं राहिलं होतं, मार्च एंडला ऑफिसमध्ये मान वर करायला वेळ नव्हता. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, मी साताऱ्यात असते, सोमवार ते शुक्रवार नोकरी आणि शनिवार-रविवार घरगुती कार्यक्रमांचे फोटो. लग्नं घेत नाही. डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण, पहिला वाढदिवस, मुंज, आजी-आजोबांची पंच्याहत्तरी, असली कामं मला मनापासून आवडतात आणि तीच करते. कॅमेरा तोच जुना क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स ३५ आणि ५० एमएमच्या, एक फ्लॅश. यंदा गियरवर एक रुपया घातला नाही, सगळा जोर लोकांपर्यंत पोचायचं कसं यावर होता, त्याचंच आज लिहितेय.

मला एक गोष्ट पक्की कळलीय ती आधीच सांगते. आपल्याकडे एका घरात एकदा पाऊल पडलं की पुढची पाच-सहा वर्षं त्या घरात काही ना काही चालूच असतं, डोहाळजेवण झालं की तीन-चार महिन्यांत बारसं, मग उष्टावण, मग संक्रांतीला बोरन्हाण, वाढदिवस, तोवर धाकट्या जावेचं डोहाळजेवण येतंच. त्यामुळे दर महिन्याला नवीन गिऱ्हाईक शोधत जाहिरातीवर पैसे ओतायचे की त्याच घरातल्या बाईला आपलं नाव आपणहून आठवेल असं काम करायचं, हा प्रश्न माझ्यापुरता तरी सुटलाय. मी पेड जाहिरात बंद केली आणि ते पैसे प्रिंटवर लावते.

प्रिंटचं जरा सविस्तर सांगते कारण मागे दोघा-तिघांनी विचारलं होतं. प्रत्येक कामानंतर पेन ड्राइव्ह किंवा लिंक तर देतेच, पण त्यासोबत ४ बाय ६ च्या थोड्या प्रिंट माझ्याकडून, वेगळे पैसे न घेता. कुठल्या द्यायच्या ते मी निवडते, आणि त्यात आत्या, मावशी, शेजारच्या काकू, ज्यांनी ओटी भरली त्या बायका हमखास असतात, कारण उत्सवमूर्तीचे फोटो सगळेच काढतात, आत्याबाईंचा चांगला फोटो कुणी काढत नाही. त्या प्रिंट मग ज्याच्या त्याच्या घरी जातात. मागच्या बाजूला तारीख, कार्यक्रम, कुणाकुणाचा फोटो आहे त्यांची नावं, आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव-नंबर.

ही काही माझी आयडिया नाही बरं का. पॅरिसच्या डिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं १८५४ साली कार्त द व्हिझितचं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचं, पेटंट घेतलं, एकाच काचेवर आठ छोटे फोटो घ्यायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायचे, म्हणजे फोटो स्वस्त झाला आणि लोक एकमेकांना वाटायला लागले. त्या पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचं नाव-पत्ता छापलेला असायचा. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंनीही तेच केलं, आजीच्या ट्रंकेतला एखादा पुठ्ठ्यावरचा फोटो उलटून किंवा खालच्या कडेला बघा, नाव किंवा उठावाचा शिक्का सापडेल. एक तांत्रिक सूचना: हल्लीच्या फोटो पेपरला मागूनही प्लॅस्टिकचं कोटिंग असतं, त्यावर साध्या स्टँप पॅडची शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या फोटोच्या तोंडावर उतरते. परमनंट मार्करची बारीक निब किंवा प्लॅस्टिकवर चालणारी शाई वापरा, आणि तरीसुद्धा दहा मिनिटं पसरून ठेवा.

आता बोरन्हाण. यंदा संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी २५ ला, म्हणजे मध्ये सगळे मिळून बाराच दिवस, त्यात रविवार दोनच, १८ आणि २५. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी बोरन्हाण आणि सोबत हळदीकुंकू. मी डिसेंबरातच जुन्या घरांना व्हॉट्सॲपवर एकेकीला वेगळा मेसेज केला, बाळाचं नाव घेऊन, "यंदा ओवीचं पहिलं बोरन्हाण ना? तारीख ठरली की कळवा, फोटोला येऊ का?" इतकंच. ब्रॉडकास्ट लिस्ट मी वापरत नाही, एक तर ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, आणि दुसरं म्हणजे बायकांना लगेच कळतं की हे सगळ्यांना पाठवलेलं आहे.

आणि त्याच मेसेजखाली रेट. मी रेट लपवत नाही, व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये मराठीत लिहून ठेवलाय, दीड तास, इतके फोटो, इतके रुपये, इतक्या दिवसांत देणार. "डीएम फॉर प्राइस" (रेट हवा तर खासगी मेसेज करा) हा प्रकार मला पटत नाही. साताऱ्यासारख्या गावात रेट विचारून मग नाही म्हणायला लोकांना संकोच वाटतो, मग ते विचारतच नाहीत.

फोटोचंही सांगते, कारण हे लॉग शेवटी त्यासाठीच आहे. बाळ पाटावर, काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, आणि आजी वरून मापट्यानं बोरं, कुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या ओतणार. हे सगळं चार-पाच सेकंदांत संपतं आणि लगेच भोवतीची पोरं तुटून पडतात. घरातल्या ट्यूबलाइटवर ती बोरं हवेत गोठवणं अवघड, म्हणून मी फ्लॅश छताकडे वळवते, पॉवर एक अष्टमांश-एक षोडशांश ठेवते (पॉवर कमी तेवढा फ्लॅशचा झोत छोटा, त्यामुळे बोर हवेत थांबतं), शटर १/२०० सेकंद, लेन्सचं तोंड (ॲपर्चर) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) ८०० ते १६००. छत पांढरं असेल तर मजा येते, पिवळं असेल तर व्हाइट बॅलन्स (फोटोतली रंगाची झाक) नंतर सांभाळावा लागतो. आणि स्वतः जमिनीवर बसायचं, बाळाच्या डोळ्याच्या उंचीला. सगळ्यात भारी फ्रेम ओतताना मिळत नाही, ओतून झाल्यावर बाळ मुकुटावरून ओघळलेलं बोर हातात धरून बघतं तेव्हा मिळते. तेवढ्यासाठी थांबा.

एका घरी आजींनी मागच्या वर्षीची बारशाची प्रिंट पुढे केली, उलटी करून मागची नावं वाचली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, यात माझ्या बहिणीचं नाव लिहिलंयस, ती गेली गं दिवाळीत. हा एकच फोटो आहे तिचा असा हसताना." त्यांना त्याच फोटोची ८ बाय १२ मोठी करून नेऊन दिली. त्या घराकडून पुढे किती कामं आली हे मी मोजलेलं नाही, मोजायचंही नाही.

आता थोडं नाजूक प्रकरणावर, परवानगी. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं फोटो मी काढला म्हणजे तो माझा, टाकला इन्स्टावर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा माणूस असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे आपण ज्यांचे पैसे घेतो त्यांचाच तो फोटो. मी बुकिंगच्या वेळी एक साधा मराठी कागद देते, त्यावर तीनच पर्याय: कुठेही दाखवा, फक्त तुमच्या नमुना अल्बममध्ये ठेवा, कुठेच दाखवू नका. लहान बाळ असलं की बहुतेक घरं मधला पर्याय घेतात आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. त्यामुळे माझ्या पेजवर चेहरे कमी आहेत, तिथे हलव्याच्या बाजूबंदाचे दाणे, ओटी भरणारे हात, पाटाभोवतीची रांगोळी, बाळाची मूठ, असलंच जास्त. गंमत म्हणजे चौकशा येतात त्या या फोटोंवरूनच, बायका विचारतात हलव्याचे दागिने कुठून आणले, मग मी दागिने करणाऱ्या काकूंचा नंबर देते आणि त्या काकू माझा नंबर देतात. याला पार्टनरशिप वगैरे मोठं नाव नको, पण पेड जाहिरातीपेक्षा हे कितीतरी जास्त चालतं.

गूगलवर बिझनेस प्रोफाइल मात्र सगळ्यांनी काढाच, फुकट आहे. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता तेवढं दाखवता येतं, बायकांनी तर हे नक्की करा. रिव्ह्यूसाठी मी फोटो दिल्यावर एकदा लिंक पाठवते, परत मागे लागत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि तसे रिव्ह्यू वाचताना कळतातही. आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला मी मराठीत उत्तर देते, त्यात कार्यक्रमाचं नाव आपोआप येतं, मग पुढच्या वाचणारीला कळतं की ही बोरन्हाण करते, बारसं करते.

एक गोष्ट न करण्याची. कास इतकं जवळ आहे तर सप्टेंबरात फुलांमध्ये मॅटर्निटी शूट का करत नाहीस असं दरवर्षी विचारतात. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथली माती खडकावर जेमतेम काही बोटं, त्यावर झगा पसरून बसलं की ती फुलं बी धरायच्या आत चिरडतात. मी जात नाही. रस्त्याकडेच्या धुक्यात, एखाद्या देवळाच्या ओवरीत, घरच्या अंगणात, तितकेच सुंदर फोटो येतात आणि गरोदर बाईला चिखलात चालवावं लागत नाही.

आता पुढचं. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, लग्नं-मुंजी बंद, लग्नवाले मित्र आत्तापासूनच हात बांधून बसणार म्हणतायत. पण धोंड्याचा महिना म्हणजे लेक-जावई माहेरी येणार, अनारसे, धोंडे, जावयाला वाण, चांदीचं ताट नाहीतर निरांजन. सगळं घर एका छताखाली, आणि तेही ठरवून. मागचा अधिक २०२३ ला श्रावणात आला होता, म्हणजे ही संधी तीन वर्षांनी एकदा. मी एकच साधं पॅकेज ठेवलंय: एक तास, जेवणाआधी सगळ्या घराचा एक नीट फोटो अंगणात किंवा जिन्यावर, आई-लेकीचा एक, सासू-जावयाचा वाण देतानाचा एक, बाकी जे घडेल ते, आणि सगळ्या घराच्या फोटोची १२ बाय १८ ची एक प्रिंट त्यातच. ज्या घरातल्या लेकींची डोहाळजेवणं मी केली त्यांच्या आयांना पहिला मेसेज करणार, अजून कुणालाच नाही.

मे महिन्यात अंगणात दुपारी बाराचं ऊन टोकाचं असतं, म्हणून वेळ सकाळी साडेआठची सांगतेय, जेवण नंतर आरामात करा म्हणावं. मोठ्या प्रिंटसाठी लॅबनं मॅट (बिनचकाकीचा) कागद सुचवलाय, मला लस्टर (किंचित चकाकीचा) बरा वाटतो कारण साडीचा जर त्यात उठून दिसतो. कुणी १२ बाय १८ लस्टर काचेमागे फ्रेम केलाय का, काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (फोटो आणि काचेमधला पुठ्ठा) किती जाडीचा घेतलात, तेवढं सांगा, १० मेच्या आत एक नमुना फ्रेम करून घ्यायचीय.