कापडावर भरलेले नाव

पहिल्यांदा कोणासाठी तरी रुमालावर नाव भरले, तेव्हा मी वेलबुट्टी आधी पूर्ण केली आणि अक्षरे शेवटी ठेवली. ती चूक होती. फुलाची पाकळी धागाभर इकडे-तिकडे सरकली तरी ती पाकळीच राहते. अक्षर मात्र तेवढ्यानेच बिघडते, आणि ज्याचे नाव आहे त्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते. शेवटच्या अक्षराला जागा अपुरी पडली, त्याचा काना वेलीच्या पानाला जाऊन भिडला आणि दोन संध्याकाळचे काम मला उसवावे लागले. तेव्हापासून कापडाचा मध्य काढून, अक्षरांची रुंदी मोजून, आधी नाव आणि मग उरलेल्या जागेत बाकीचे, हा क्रम मी कधी मोडलेला नाही.

नाव भरण्याची ही हौस आजची नाही. इजिप्तचा राजा तुतनखामून याची कबर १९२२ मध्ये सापडली, त्यात त्याचा एक भरतकाम केलेला अंगरखा मिळाला; इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातल्या त्या वस्त्राच्या गळ्याजवळ खुद्द राजाचे नाव दोऱ्याने भरलेले आहे. फ्रान्समधल्या बायो गावच्या अकराव्या शतकातल्या सुप्रसिद्ध पटाला लोक विणलेला पडदा समजतात, पण तो विणलेला नाही, भरलेला आहे. सुमारे ७० मीटर लांबीच्या तागाच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने, नॉर्मंडीच्या विल्यमने हॅरल्डला हरवून इंग्लंड जिंकले तो सगळा प्रसंग उभा केला आहे, आणि चित्रांच्या वर लॅटिन अक्षरांत हॅरल्ड, विल्यम अशी नावे येतात. त्या पटात मोठ्या आकृतींचा आतला भाग आडवे दोरे पसरून आणि ते जागोजागी अडकवून भरला आहे. अक्षरे आणि बाह्यरेषा मात्र दांडी टाक्यात, म्हणजे पिळलेल्या दोरीसारख्या सलग रेघेत आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या त्या हातांनी अक्षरांसाठी जो टाका निवडला तोच आजही आपण निवडतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

अक्षरे भरण्याचे शिक्षण मात्र बराच काळ भेटीसाठी नव्हे, हिशेबासाठी दिले जात असे. युरोपातल्या सधन घरांत चादरी, अभ्रे, रुमाल यांचे मोठे साठे असत. ते धुण्याला एकत्र जात आणि परत आल्यावर ओळखावे लागत, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात फुली टाक्यात आद्याक्षरे आणि क्रमांक घालत. मुली नमुन्याच्या कापडावर सगळी वर्णमाला आणि आकडे गिरवत ते यासाठी. पण ज्याला अक्षर भरता येते तो कधी ना कधी आपल्या माणसाचे नाव भरतोच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने १५९८ मध्ये भरलेले नमुन्याचे कापड आहे. तारीख असलेल्या ब्रिटिश नमुन्यांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्यावर वर्णमाला आहे, नक्षीचे तुकडे आहेत, आणि ॲलिस ली या मुलीचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी दुपारी झाल्याची नोंद आहे. बाळाचे नाव आणि जन्मतारीख भरून देण्याची जी पद्धत आज जगभर दिसते, तिचे इतके स्वच्छ उदाहरण चारशे वर्षांहून जुने आहे.

त्याआधीची एक भेट मला त्याहूनही जवळची वाटते. पुढे इंग्लंडची राणी झालेल्या एलिझाबेथने १५४४ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, सावत्र आई, तेव्हाची राणी कॅथरीन पार हिला एका फ्रेंच काव्याचा स्वतः केलेला अनुवाद स्वतःच्या अक्षरांत लिहून दिला. त्या हस्तलिखिताचे निळ्या भूमीवरचे भरलेले वेष्टनही परंपरेने तिच्याच हातचे मानले जाते, आणि त्याच्या मध्यभागी कॅथरीनची आद्याक्षरे आहेत. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ते जपलेले आहे. अकरा वर्षांच्या मुलीने राणीला देण्यासारखे मौल्यवान काय असणार? तिने आपला वेळ दिला, आणि तो कोणासाठी दिला हे कापडावर भरून ठेवले.

१९१२ मध्ये लंडनच्या होलोवे तुरुंगात मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी एका रुमालावर आपापल्या सह्या भरल्या. त्यावर ६६ सह्या आहेत. सही भरणे हे नुसते नाव भरण्यापेक्षा अवघड असते, कारण तिथे हाताचे वळण जसेच्या तसे दोऱ्यात उतरवावे लागते. आजही कोणी आजीच्या जुन्या पत्रातली एक ओळ तिच्याच हस्ताक्षरात भरून द्या असे म्हणते, तेव्हा मी सर्वांत जास्त वेळ ती ओळ कार्बन कागदाने कापडावर छापण्यात घालवते, कारण कागद जरा सरकला की हस्ताक्षर दुसऱ्या कोणाचे तरी होते.

आता देवनागरीविषयी. रोमन अक्षरांचे फुली टाक्यातले तक्ते हवे तितके मिळतात. आपल्या अक्षरांना फुलीच्या चौकोनात बसवले की ‘श’ ची गाठ आणि ‘क’ चा पोटातला वळसा यांना कोन येतात आणि अक्षराचा डौल जातो. म्हणून मी दांडी टाकाच घेते. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर सुटे करून, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढाच दोरा नेढ्यात ओवते, कारण त्याहून लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन तुसासारखा होतो. सुरुवातीला गाठ मारत नाही. दोऱ्याचे टोक मागे सोडते आणि नंतर टाक्यांखाली फिरवून घेते, म्हणजे इस्त्रीनंतर समोर गाठीचा उंचवटा येत नाही. दोरा नेहमी सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा. एका टाक्याला जरी तो दुसऱ्या बाजूला गेला, तरी दोरखंडासारखी वळत गेलेली रेघ तिथे तुटलेली दिसते. वळणावर टाके निम्म्याने आखूड करायचे, नाहीतर गोलाईला टोके येतात.

अक्षरांचे अंग आधी, मग काने, आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी, अखंड. काना शिरोरेषेला टेकतो तिथे दोऱ्याची रास होऊ नये म्हणून काना धागाभर खालीच थांबवायचा. वरून रेषा गेली की ती फट झाकली जाते. अनुस्वारासाठी गाठीचा टाका. सुईला दोन वेढे द्यावेत आणि सुई त्याच छिद्रात परत न घालता अगदी शेजारच्या धाग्यात घालावी, नाहीतर गाठ मागे निघून जाते आणि नावावरचा टिंबच हरवतो.

यंत्राबद्दल माझे मत विचारले जाते. जोसुए हाइलमान याचे भरतकामाचे यंत्र १८२८ चे आणि इझाक ग्रोब्ली याचे शिफ्ली, म्हणजे होडीच्या आकाराच्या धोट्याचे, यंत्र १८६३ चे, म्हणजे यंत्रानेही आता बराच काळ पाहिला आहे. संगणकावरच्या यंत्राला अक्षर म्हणजे सुईने कुठे कुठे टोचायचे त्या बिंदूंची मालिका असते. दाट टाके कापडाला आत ओढतात, म्हणून जाणकार माणूस अक्षर मुळातच जरा रुंद आखतो आणि खाली अस्तर लावतो. जाड टॉवेलवर मी स्वतः यंत्राचेच काम सुचवते, कारण हातचा टाका त्याच्या लवेत बुडून जातो. तीस जणांना एकसारख्या पिशव्या द्यायच्या असतील तेव्हाही यंत्रच योग्य. मात्र देवनागरी नाव यंत्रावर घालून घेताना नमुना आधी पाहावा. प्रत्येक अक्षर सुटे भरले असेल तर शिरोरेषेवर सांध्यासांध्याला गुठळ्या येतात, आणि त्या कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत.

मी कधी काळी भरलेले एक दुपटे दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दुरुस्तीला आले. त्यात वाढलेले मूल शाळेत जाऊ लागले होते आणि आता ते धाकट्या भावंडासाठी हवे होते. लाल दोरा धुऊन धुऊन जागोजागी झिजला होता, दोन अक्षरांचा तर निम्मा भाग गेला होता, पण कापड उजेडासमोर धरले तेव्हा सुईची जुनी छिद्रे ओळीने दिसली आणि नाव पूर्ण वाचता आले. मी नवा दोरा त्याच छिद्रांतून नेला. धाकट्याचे नाव भरायला खाली दोन बोटे जागा होती. ती मोजली, मध्य काढला आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.