सही सर्वांत शेवटी: क्रिकेट-स्वाक्षऱ्यांच्या पडताळणीची पुढची नोंद

मागच्या नोंदीत मी खेळाडूंच्या खात्रीशीर स्वाक्षऱ्यांचे नमुने जमवू लागल्याचे लिहिले होते. ते काम चालूच आहे, पण दरम्यान तपासणीचा माझा क्रम पूर्ण उलटला आहे. ऑनलाइन विक्रीला आलेली वस्तू समोर आली की पूर्वी मी थेट सहीची वळणे पाहत असे; आता सही सर्वांत शेवटी पाहतो, कारण बनावट वस्तू बहुतेक वेळा सहीपर्यंत पोहोचण्याआधीच स्वतःविरुद्ध साक्ष देते.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. ठाण्याहून लोकलने सहज गाठता येणाऱ्या मैदानावर विश्वचषक जिंकला गेल्यामुळे आमच्या भागातील संग्राहकांना त्या संघाच्या सह्यांचे विशेष आकर्षण असणे स्वाभाविक आहे, आणि विक्रेतेही ते ओळखून आहेत. अशा वस्तूंच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न वस्तूच्या जातीचा असतो. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना कुकाबुरा कंपनीच्या पांढऱ्या चेंडूने खेळला जातो. त्यामुळे ‘अंतिम सामन्यात वापरलेला’ म्हणून एसजी कंपनीचा लाल चेंडू दाखवला जात असेल, तर त्यावर कोणाची सही आहे हे पाहण्याचे कारणच उरत नाही. जर्सीचेही तसेच आहे. आयसीसीच्या स्पर्धांत छातीवर देशाचे नाव असते आणि प्रायोजकाला बाहीवर जागा मिळते, म्हणून छातीवर प्रायोजकाचे मोठे नाव असलेली जर्सी ‘विश्वचषकात घातलेली’ असू शकत नाही.

दुसरा प्रश्न, त्या दिवशी संघात कोण होते? शफाली वर्मा मूळ चमूत नव्हती. साखळीतील बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात प्रतिका रावल जखमी झाली आणि उपांत्य सामन्याच्या तोंडावर शफालीला बोलावण्यात आले. तेव्हा ‘साखळी सामन्यांच्या वेळी संपूर्ण संघाने सही केलेली बॅट’ असे वर्णन असेल आणि तिच्यावर शफालीची सही इतर सह्यांच्या अगदी मधोमध बसलेली असेल, तर विक्रेत्याने सांगितलेली हकिकत टिकत नाही. सोबत जोडलेल्या फोटोंनाही हाच न्याय लावावा. अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली होती. ‘विजयानंतर लगेच मैदानात घेतलेली सही’ असे सांगून लख्ख उन्हातला फोटो पुढे करणाऱ्याला काय म्हणावे?

हीच रीत जुन्या वस्तूंना अधिकच लागू पडते. नौपाड्यातील एका ज्येष्ठ संग्राहकांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, मला १९७१ च्या संघाच्या सह्यांचा एक कागद मोबाइलवर दाखवला. तो त्यांना वेस्ट इंडीज दौऱ्यातला म्हणून विकत घेण्यासाठी देऊ करण्यात आला होता. त्यावर अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर यांच्याबरोबर फारूख इंजिनीअर आणि भागवत चंद्रशेखर यांच्याही सह्या होत्या. हे दोघे वेस्ट इंडीजला गेलेच नव्हते, ते त्याच वर्षी पुढे झालेल्या इंग्लंड दौऱ्यावर होते. उलट सलीम दुराणी आणि जयसिंह वेस्ट इंडीजला होते, इंग्लंडला नव्हते. काकांनी चष्मा वर करून नुसते विचारले, “मग यांनी सह्या काय पोस्टाने पाठवल्या?” अर्थात एवढ्यावरून प्रत्येक सही खोटी ठरत नाही, कारण एखाद्या चाहत्याने त्या वेगवेगळ्या प्रसंगी एकाच पानावर जमवलेल्या असू शकतात, मात्र तसे असल्यास ती ‘दौऱ्यावरील संघाची सही’ राहत नाही आणि त्या नावाने लावलेली किंमतही राहत नाही.

कागदाचे वय पाहण्यासाठी मी आता अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च वापरतो. कागद अधिक पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी रसायने साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली आणि अशा प्रकाशात ती निळसर चमकतात. म्हणून सी. के. नायडूंच्या १९३२ च्या संघाचा म्हणून विकला जाणारा कागद चमकला, तर विषय संपला. १९७१ च्या कागदाला ही चाचणी काहीच सांगत नाही, कारण तोवर असा कागद सर्वत्र आला होता. शिवाय न चमकणारा कागद खरा असतोच असे नाही. जुन्या पुस्तकाचे कोरे पान फाडून घेणे कोणालाही जमते.

एवढे झाल्यावर भिंग. गोखले रोडवरच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडून मी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेतले आणि आतापर्यंतच्या खरेदीत तेच सर्वांत उपयोगी ठरले आहे. छापील सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, किंवा दोन रेघा एकमेकींना छेदतात तेथेही शाई गडद होत नाही. मार्करने केलेल्या खऱ्या सहीत छेदाच्या जागी बहुधा दुसरा थर जाणवतो, बॅटच्या कोऱ्या लाकडावर शाई रेषांच्या दिशेने किंचित फुटते, तर बॉलपेन कागदात चर पाडते. हात वेगाने चालला असेल तर रेघेचे टोक निमुळते होते. नक्कल करणारा सावकाश चालतो, म्हणून त्याच्या रेघेत बारीक थरथर, बोथट टोके आणि नको त्या जागी पेन उचलल्याच्या खुणा राहतात. जाळीपलीकडून गर्दीत केलेली घाईची सही टेबलावर बसून केलेल्या सहीपेक्षा आखूड आणि विस्कटलेली असू शकते, त्यामुळे नमुनाही त्याच काळातला आणि शक्यतो तशाच परिस्थितीतला घ्यावा लागतो. आणि नमुन्यावर तंतोतंत बसणारी सही मला सर्वांत जास्त संशयास्पद वाटते, कारण कोणताही माणूस दोनदा अगदी एकसारखी सही करत नाही.

सांघिक बॅटवर सर्व सह्या एकाच मार्करच्या असणे हा दोष मानू नये. ड्रेसिंग रूममध्ये एकच मार्कर हातोहात फिरतो. मी जागा पाहतो. आधी सही करणारे ऐसपैस जागा घेतात, मागाहून येणारे उरलेल्या फटीत मावतात, कोणी बॅट उलटी धरतो. सगळ्या सह्या सारख्या अंतरावर, सारख्या कलत्या आणि सारख्या जाडीच्या असतील, तर त्यामागे एकच हात असण्याची शक्यता मोठी.

सही खरी असल्याच्या प्रमाणपत्राविषयी माझे मत कठोर आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात बनावट सह्यांची मोठी टोळी उघडकीस आणली, तेव्हा त्या मालासोबतही प्रमाणपत्रे होतीच; जप्त केलेल्या वस्तूंत मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा होते! टोनी ग्विन या नामांकित बेसबॉलपटूला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या आढळल्या. तेथील व्यावसायिक बेसबॉलची संघटना असलेल्या मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून सही होत असताना साक्षीदार उभा करून वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली. सही होताना पाहिलेली असणे आणि नंतर कोणी तज्ज्ञाने मत देणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दाखवल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या वस्तूंसोबत बहुधा दुसरीच असते. होलोग्रामचा क्रमांक नोंदीत सापडला म्हणूनही थांबू नये; त्या क्रमांकाखालची वस्तू हीच आहे ना, हे फोटोशी ताडावे, कारण खरा क्रमांक खोट्या वस्तूवर चिकटवणे अवघड नाही.

सध्या महिला संघाच्या सह्यांची एक बॅट माझ्या विचाराधीन आहे. चमूची यादी जुळते, बॅटवरील सह्यांची मांडणीही नैसर्गिक वाटते. विक्रेत्याकडे मी तिरप्या प्रकाशातले जवळचे फोटो, बॅटच्या मागच्या बाजूचे चित्र आणि ती त्याच्याकडे कोणाकडून आली याची लेखी माहिती मागितली आहे. फोटो आले आहेत, लेखी माहिती आलेली नाही. ती आल्याशिवाय पैसे पाठवणार नाही, असे त्यांना कळवले आहे. दरम्यान दीप्ती शर्मा आणि ऋचा घोष यांच्या २०२५ मधल्या सह्यांचे नमुने माझ्याकडे कमी आहेत. ज्यांनी त्या समोर उभे राहून घेतल्या असतील त्यांनी स्पष्ट फोटो, तारीख आणि ठिकाण यांसह दाखवल्यास तुलना पूर्ण करता येईल.