तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांची बहीण कशी सापडली

"ताई, वंशावळीत तर पोरींची नावंच नसतात, मग तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीची बाई सापडली कशी?" हे मला लग्नात विचारतात, तेराव्याला विचारतात, आणि दर वेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

बाई म्हणजे माझ्या आजोबांची, आप्पांची मोठी बहीण. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. घरात तिच्याबद्दल एवढंच माहीत, की लग्न झालं आणि मग "गई ती गई". कोणी म्हणायचं नवऱ्याला सोडून पळाली, कोणी आवाज बारीक करून विहिरीचं बोलायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घागर भरताना गेलेल्या सगळ्यांची नावं घ्यायचे, हिचं कधीच नाही. आप्पांना विचारलं की ते उठून ओट्यावर जाऊन बसायचे. मला हे फार लागायचं, एका कोवळ्या पोरीवर अख्ख्या घराने असा डाग ठेवायचा आणि खरं काय ते कोणी एकदा तपासायचं पण नाही.

आता कसं सापडलं ते. वंशावळ, फेरफार, जुने उतारे हे सगळे कागद जमिनीमागे चालतात आणि जमीन तेव्हा पोरांच्या नावावर चढायची, त्यामुळे तिथे मुलगी शोधून उपयोग नसतो. भाट म्हणजे घराण्याच्या पिढ्या लिहून ठेवणारा, त्याच्या वहीतही बापाखाली पोरंच. पण तीच वही सासरच्या बाजूने उघडली तर सुनेच्या नावाशी तिचं माहेर लिहिलेलं असतं! म्हणजे बाई माहेरच्या कागदात शोधायची नसते, सासरच्या कागदात शोधायची, हे मला कळलं तेव्हा अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे सासर कुठलं हेच कोणाला माहीत नव्हतं.

ते निघालं आहेराच्या वहीतून. आप्पांच्या पेटीत तळाला एक लांबट वही होती, घरातल्या कुठल्या तरी लग्नात कोणी काय दिलं आणि कोणाला काय मान दिला त्याची, सगळी मोडी लिपीत. धुळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी ती ओळ न ओळ वाचून दिली, पैसे घेतले नाहीत. त्यात एके ठिकाणी जावयाला पागोटं दिल्याची नोंद होती, जावयाचं नाव, आणि पुढे गाव. शिंदखेडा तालुक्यातलं, तापीकडचं. आमच्यापासून काय लांब नाही हो, पण 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, अमळनेर पूर्वेत म्हणजे आताच्या जळगावात आणि शिंदखेडा पश्चिमेत म्हणजे धुळ्यात, त्यामुळे शेजारच्या तालुक्याचं दप्तर दुसऱ्याच जिल्ह्यात. आमच्या बाजूच्या रेकॉर्डात ती जन्मभर शोधली असती तरी मिळाली नसती.

गाव कळल्यावर कोतवाल बुक. गावात जन्मलं कोण, मेलं कोण याचं रजिस्टर, गाव नमुना 14. जुनी रजिस्टरं बहुतेक करून तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, गाव आणि साल लिहून अर्ज करायचा, तिकीट लावायचं, नक्कल मिळते. साल माहीत नसेल तर लग्नाच्या अंदाजापासून पुढे पुढे पानं बघत जायची. कुणबी नोंदी शोधायचं काम 2023 पासून निघालं तेव्हा यातली बरीच पानं स्कॅन झालीत, ते पण बघा. आणि माहेरच्या नावाने शोधू नका, बायकांची नोंद "अमुक कोम तमुक" अशी असते, म्हणजे तमक्याची बायको, बापाचं नाव कुठेच नाही.

मी पानं उलटत गेले. महिन्याला दोन-चार मृत्यू, कधी एखादाच, आणि मग ऑक्टोबर 1918 येतो आणि नोंदी संपतच नाहीत. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. ही मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ. त्या वर्षी मुंबईत जूनमध्ये फ्लू आला आणि पावसाळा संपता संपता दुसरी लाट रेल्वेच्या रस्त्याने गावोगाव पसरली, वर पाऊसही दगा देऊन गेलेला, घरात दाणा नाही. नोंद करणारा पाटील काही डॉक्टर नव्हता, त्याने दिसला तो ताप लिहिला. देशात इतकी माणसं गेली की 1911 ते 1921 या दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून घटली. हे मी आधी वाचलेलं होतं, पण त्या पानावर आधी तिची सासू, मग दीर, आणि मग ती, वय 18, ताप, हे बघितल्यावर मला तिथेच खुर्चीत बसून रडू आलं, रेकॉर्डवाले भाऊ पाणी घेऊन आले.

कुठे पळाली नव्हती ती. घरातल्यांचं करता करता तापाने गेली असणार.

मग विहीर कुठून आली? मला वाटतं त्या दिवसांत प्रत्येक घरात कोणी ना कोणी पडलेलं, निरोप द्यायला कोण जाणार आणि न्यायला कोण येणार. जावयाने पुढे दुसरं लग्न केलं, येणंजाणं तुटलं, आणि न कळलेली जागा लोकांनी भरून काढली. सासरच्या घरी फोन केला तेव्हा कळलं की तिचं तान्हं बाळ वाचलं होतं! त्याचा नातू आता साठीचा आहे. त्यांच्याकडे पणजीचं नाव आणि आमचं गाव दोन्ही माहीत होतं, पण लहानपणापासून ऐकलेलं काय, तर माहेरचे मेलेल्या पोरीला बघायला पण आले नाहीत. म्हणजे इकडे आमचा राग, तिकडे त्यांचा. आम्ही भेटलो, खूप बोललो, त्यांनी नावं जाहीर लिहू नका म्हटलंय म्हणून लिहीत नाही, पण आमच्या वंशावळीत आप्पांच्या वर आता तिचं नाव आहे, नवऱ्याचं, मुलाचं, नातवाचं पण.

त्या ऑक्टोबरच्या पानाची मी पूर्ण नक्कल घेतलीय. त्यावर आणखी बऱ्याच "कोम" आहेत, वीस-बावीस वयाच्या, आणि त्यांचीही माहेरं कुठेतरी असणारच. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत, भाटाच्या वहीशी ताडून बघत एकेक लावायला घेतलंय. एकीचं माहेर नरडाणा गावाकडचं निघालं, त्या घरच्यांशी पुढच्या आठवड्यात बोलणार आहे.