सासरा पेते, सासू मत देते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न ठरलेला असतो. रेल्वेत समोर बसलेला पुण्याचा माणूस विचारतो, सेवाग्राम पाहायला आलेले पाहुणे विचारतात, आणि लग्नात जेवणाच्या आधी नागपूरचे सोयरे मला मांडवाच्या मागं नेऊन विचारतात: "वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी हाये ना? मग दारू येते कुठून?" पहिल्या दोघांना माहिती हवी असते, तिसऱ्याला पत्ता. पत्ता मी देत नाही. माहिती मात्र आहे, आणि ती कुठं ऐकलेली नाही.

माझं गाव देवळी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं. गांधीजींचा जिल्हा म्हणून आमच्याकडे सत्तरच्या दशकापासून बंदी. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, तिथं बंदी नाही. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं मी घरची कपाशी-तूर केली आणि कर्ज तेवढं वाढवलं. मग पलीकडच्या एका गावातल्या देशीच्या भट्टीवर हिशेब लिहायला लागलो. आमच्याकडे सरकारमान्य देशी दारूच्या दुकानालाही भट्टीच म्हणतात. तिथं गाळत काही नाहीत, फक्त विकतात. बारा वर्षं ते काम केलं. रोज सकाळी बंदीतून निघायचं, दिवसभर दारूचा हिशेब लिहायचा, अंधार पडता बंदीत परत यायचं. आई होती तोवर पाहुण्यांना 'पोरगा कंपनीत हाये' असं सांगत राहिली. कोणत्या कंपनीत, ते कुणी विचारलं तर चहा ठेवायला उठायची.

तर उत्तर असं, की दारू दुकानातून येते. आमच्याच दुकानातून यायची. लोकांना वाटतं, बंदीच्या जिल्ह्यात मिळणारा माल म्हणजे सगळा नाल्याच्या काठी चोरून गाळलेला. तोही असतो. मोहफुलं नाहीतर गूळ घालून जमिनीत पुरलेले सडव्याचे ड्रम पोलीस दर महिन्याला फोडतात आणि पेपरात फोटो येतो. पण सीलबंद पव्वा असतो तो बहुतेक कायदेशीर जन्माचा. कारखान्यात भरला जातो, सरकारचं शुल्क भरतो, वाहतुकीचा पास घेऊन ठोकवाल्याकडे येतो, तिथून पुन्हा पास घेऊन आमच्याकडे. एका पेटीत ४८ पव्वे. पेटी उतरली की मी ती साठा-वहीत जमा धरायचो, रात्री विक्री वजा करायचो, शिल्लक जुळवायचो. राज्य उत्पादन शुल्कचे साहेब आले की पहिल्यांदा तीच वही मागत. काउंटरपर्यंत एकेका बाटलीचा कागद होता. काउंटरच्या पुढं कागद संपतो. चोरटे असतात ते तिथून पुढचे सात-आठ किलोमीटर.

हिशेबाची खोड अजून गेलेली नाही. जून २०२५ मध्ये सरकारनं देशीवरचं शुल्क प्रूफ लिटरमागं १८० वरून २०५ रुपये केलं आणि १८० मिलीच्या पव्व्याची किमान किंमत ८० रुपये ठरवली, ती बातमी वाचून मी पेपरच्या कडेलाच मांडणी केली. प्रूफ म्हणजे शुल्क मोजायला धरलेली कडक दारू. देशी तिच्याहून पंचवीस टक्क्यांनी सौम्य, ४२.८ टक्क्यांची, म्हणून तिला पंचवीस अंडर प्रूफ म्हणतात. एका पव्व्यात ०.१३५ प्रूफ लिटर. शुल्क झालं २७ रुपये ६७ पैसे, व्हॅट वेगळा. आता हाच पव्वा पिशवीत घालून कुणी पुलावरून आणला आणि सापडला, तर वर्ध्याचे पोलीस त्याच्यावर दारूबंदी कायद्याचं कलम ६५ ई लावतात आणि पव्वा मुद्देमालात जमा होतो. पलीकडच्या काठावर सरकार त्याच्यावर पैसे घेतं, अलीकडच्या काठावर गुन्हा नोंदवतं. पंचनाम्यात किंमत लिहितात, त्यात सरकारचे ते २७ रुपयेही आलेच.

आणखी एक गोष्ट सांगितली की लोक हसतात. बंदी फक्त वर्ध्यात आणि गडचिरोलीत नाही, कायद्यानं ती सगळ्या महाराष्ट्रात आहे. कायद्याचं नावच मुळी १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र म्हणतात. म्हणजे बंदी हा नियम आणि दारू ही सवलत. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. आयुष्यभराचा हजार रुपये, वर्षाचा शंभर, एका दिवसाचा विदेशीसाठी पाच आणि देशीसाठी दोन. विदेशीच्या परवान्यावर पिण्याचं कारणही छापलेलं असतं: आरोग्य राखण्यासाठी. देशीवाल्याचं वय पंचवीस पूर्ण पाहिजे.

भट्टी सकाळी आठला उघडायची. त्या वेळी शटरखाली उभा असलेला माणूस हात थरथरत असताना दोन रुपयांचा परवाना मागेल का? बारा वर्षांत एकानंही मागितला नाही. पण परवान्यांची पुस्तकं तपासणीआधी भरलेली दिसायला हवीत, आणि भरायचं काम माझ्याकडं. महिनाअखेरीला चहा घेऊन बसायचं आणि नावं लिहायची. आधी रोजच्या गिऱ्हाइकांची लिहिली. ती संपली तेव्हा शाळेतल्या वर्गमित्रांची, मग मास्तरांची. गणिताच्या मास्तरांना मी पुष्कळ पाजली. तीही संपली तेव्हा मेलेल्यांकडे वळलो. त्यांची तक्रार येत नाही. गळ्यात तुळशीची माळ घेऊन गेलेले एक काकाजी माझ्या पुस्तकात महिन्याला चारदा पीत होते.

माझी मोठी बहीण त्याच गावात दिलेली. दुपारी ती कधी कधी भाजी-भाकरीचा डबा आणून द्यायची, दुकानाच्या मागच्या दारानं. एकदा पुस्तक उघडं राहिलं आणि तिनं आपल्या सासऱ्याचं नाव वाचलं. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. ती काही वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबाजी येतेत का रे अजून इथं?" मी त्या दिवसापासून नात्यातली नावं टाळायला लागलो. लिहिणं काही थांबवलं नाही.

पुलावरून माल कसा जायचा, ते ऐकायला लोकांना फार आवडतं, म्हणून थोडक्यात सांगतो. मोटरसायकलच्या सीटखाली, दुधाच्या कॅनमध्ये, पोराच्या दप्तरात. उन्हाळ्यात नदी आटली की डोक्यावर पोतं घेऊन पायी. कापसाचा पैसा हातात आला की वाढायचा, आणि पोळ्याच्या करीला तर रांग लागायची. अलीकडच्या गावात दुकानातल्या भावाच्या दुपटीनं विकला जायचा. पेटीभर एकदम कुणी नेली तरी आमच्या वहीत ती ४८ वेगवेगळ्या माणसांनी प्यालेली असायची, पुस्तकात नावांची कमी नव्हतीच. धाडीत सापडायचे ते आणणारे. बहुतेक बिनाशेतीचे पोरं, कधी एखादी नवऱ्यामागं एकटी राहिलेली बाई. मालकावर कधी काही आलं नाही, कारण त्याची विक्री काउंटरवर संपलेली. २०१५ च्या १ एप्रिलला चंद्रपूर जिल्हा बंद झाला तेव्हा वणीकडच्या दुकानदारांची चांदी झाल्याचं आमचा मालक हेव्यानं सांगायचा. २०२१ मध्ये ती बंदी उठली. त्याच जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बायका डिसेंबर २०१० मध्ये, थंडीत, ज्याच्यासाठी पायी चालत गेल्या, ते सहा वर्षं टिकलं.

इथं विचारणारा लगेच म्हणतो, मग बंदीचा उपयोग काय, उठवून टाका ना. मी तसं म्हणत नाही, आणि याचं लोकांना नवल वाटतं. मी दोन्ही काठ पाहिले आहेत. माझ्या गावात दारू विकणारा बाईच्या आवाजाला भितो. तिनं अंगणात उभं राहून ओरडा केला, तर तो पव्वे गवतात फेकून पळतो, कारण तिनं फोन केला तर पोलिसांना यावं लागतं. पलीकडच्या गावात तीच बाई ओरडली तर दुकानदार भिंतीवर टांगलेला परवाना दाखवतो. माझ्या पोरानं चौदा वर्षांचा होईपर्यंत सकाळी आठला उघडणारं शटर पाहिलं नाही. पिणारा पितोच, महाग पितो, घरातले भांडे विकून पितो, हे मला मान्य आहे. पण रस्त्यावर बोर्ड नाही, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. बंदीच्या बाजूनं बोलणारे लोक कधी कधी आमच्या जिल्ह्यात दारूच नाही असं बोलतात, तेव्हा मात्र मी उठून बाहेर जातो.

आता भट्टी सोडली कशी, तेही त्यातच येतं. आमचं दुकान हमरस्त्यालाच होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारू दुकानं बंद करायला सांगितलं. पुढं वीस हजारांच्या आतल्या वस्तीसाठी ते अंतर २२० मीटर झालं. एप्रिल २०१७ मध्ये आमचं शटर खाली आलं. देशीचे नवे परवाने राज्यात सत्तरच्या दशकापासून दिलेले नाहीत, त्यामुळं हातातला परवाना कुणी सोडत नाही. तो वावरासारखा बापाकडून पोराकडं जातो. मालकानं टेप धरून २२० मीटर मोजले आणि गावाच्या आत जागा घेतली. ट्रकवाल्यांपासून दूर गेलेलं दुकान पांदणीच्या तोंडाशी येऊन बसलं, म्हणजे बायकांच्या शेतात जायच्या वाटेवर. निंदणाला निघायची वेळ आठची आणि शटर उघडायचीही आठचीच.

वर्षभर बायांनी ते सहन केलं. मग बाटली आडवी करायचं ठरलं. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणं गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. सह्या गोळा करणाऱ्यांत ताई पुढं होती. खात्याची माणसं घरोघरी जाऊन सह्या तपासून गेली. महिनाभर ताईनं डबा आणला नाही.

मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. मी मालकाच्या बाजूनं कागद घेऊन बसलो होतो. मोजणी झाली तेव्हा आडवीला उभीच्या चौपट मतं होती, आणि बाया शाळेच्या अंगणात ओरडायला लागल्या. मग अधिकाऱ्यानं नियम वाचला. आडवीला नुसतं जास्त मतं असून चालत नाही. यादीत जेवढ्या बाया आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी आली नाही, ती उभीच्या बाजूनं धरल्यासारखीच. लग्न होऊन गेलेल्या पोरी, पुण्याला कामाला गेलेल्या, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, सगळ्या उभ्या. एकोणीस मतं कमी पडली. दुकान राहिलं.

मालकानं माझ्या खिशात पाचशेची नोट घातली. अंगण रिकामं झाल्यावर ताई आली. हातात डबा होता, महिन्यानंतर पहिल्यांदा. तो तिनं माझ्यासमोरच्या यादीवर ठेवला.

"माह्या सासूचं नाव हाये पाय यादीत अजून," ती म्हणाली. "तीन वर्स झाले मरून. आज तुह्या मालकाले मत देऊन गेली. घरच असं हाये बाबू आमचं. सासरा पेते, सासू मत देते."