चुनखडीच्या जुन्या खाणीवरचं राखीव क्षेत्र : या हंगामाची नोंद

खाणीच्या तळावरच्या गवताच्या तीन पट्ट्यांपैकी दोन कापून झाले. तिसरा मुद्दाम ठेवलाय, कारण सगळं एकदम कापलं तर काड्यांवरची कीटकांची अंडी आणि कोषही गवताबरोबर जातात. कापणी बी पिकल्यावर, जमिनीपासून ५ ते ८ सेंमी ठेवून. गवत दोन-तीन दिवस तिथेच सुकू द्यायचं, बी खाली झडतं, मग काडी न् काडी उचलून क्षेत्राबाहेर न्यायची. खरं काम हे उचलण्याचंच. गवत जागेवर कुजलं की नत्र नि स्फुरद (फॉस्फरस) मातीत परत जातात, दोन-चार दांडगी गवतं माजतात आणि बोटभर उंचीच्या फुलवनस्पती सावलीत संपतात. चुनखडीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, म्हणून कुणालाच फार वाढता येत नाही आणि सगळ्यांना जागा मिळते. इथली विविधता या उपाशी जमिनीचीच देणगी. कुणी कितीही आपुलकीने सुपीक माती देऊ केली तरी ती आत येऊ देऊ नका.

हवेतला नत्र धरून माती सुपीक करणारी द्विदल (शेंगा येणारी) झुडपं सगळ्यात आधी काढायची. हातभर उंचीची पावसानंतर ओल असताना मुळासकट उपटून येतात. मोठी नुसती तोडली तर बुंध्यातून चौपट फुटवे येतात, त्यामुळे दोन वर्षं तरी फेरी चुकवता येत नाही.

पूर्वी लावलेल्या काही रोपांची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मातीचा पीएच ८ च्या आसपास असला की लोह असूनही मुळांना मिळत नाही. खत हा त्यावरचा उपाय नव्हे, ती रोपं पुन्हा लावायची नाहीत.

तळ्यात यंदा कारा शैवाल चांगलं पसरलंय. चिमटीत धरलं की चुन्याच्या कवचामुळे खरखरतं, आणि चोळल्यावर लसणीसारखा उग्र वास येतो. पाणी नितळ असेल तोवरच ते टिकतं. मासे सोडले तर चतुरांच्या अळ्या नि बेडूकमासे फस्त होतात. तळ उकरणारे मासे असतील तर पाणीही गढुळतं.

वनस्पतींच्या मोजणीसाठी १ मीटरची चौकट, दर १० सेंमीवर उभी-आडवी दोरी, म्हणजे १०० घरं. प्रत्येक जात किती घरांत आहे तेवढंच लिहायचं. चौकट फुलं दिसतील तिथे टाकली तर आकडे फुगतात, म्हणून कोपऱ्यांवर लोखंडी खिळे जमिनीबरोबर ठोकलेत. पुढच्या वर्षी मेटल डिटेक्टरने तेच खिळे शोधायचे.